कावळा बसला, फांदी मोडली



‘प्रशिक्षणाने कमाई वाढली’ हे गेल्या अंकातील लेखाचे अनुमान घाईचे वाटते. लेखकाने आधीची आणि नंतरची कमाई शेजारी मांडली, एवढेच. माणूस अशा वर्गाकडे वळतो तो बहुधा काम सुटल्यावर. पुढे कमाई एरवीही थोडी सावरतेच. प्रवेशाआधीची ही घसरण अर्थतज्ज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनी १९७८ मध्येच दाखवली होती.

मग बाहेरच्यांशी तुलना करावी? तीही दगा देते. अमेरिकेत सत्तरच्या दशकात सुटलेले कैदी, व्यसनातून बाहेर पडलेले, शाळा सोडलेले तरुण अशांना काही महिने हमीचे काम देणारा प्रयोग झाला. कोणाला घ्यायचे ते चक्क सोडतीने ठरले. सोडतीत वगळलेल्यांशी ताडून पाहता पुरुषांची वार्षिक कमाई सुमारे ९०० डॉलरने वाढलेली दिसली. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लालोंड यांनी १९८६ मध्ये त्याच माणसांची तुलना सर्वसाधारण पाहणीतल्या पुरुषांशी केली, तर काही आकडेमोडींत हजारो डॉलरचा तोटा निघाला!

जागांपेक्षा अर्ज जास्त आले होते, असे लेखकच सांगतात. प्रवेश न मिळालेल्यांची यादी कार्यालयात असणारच. त्यांची कमाई ते छापतील का?

— एक वाचक, मिरज