गॅस हवा, प्रकल्प मात्र शेजारी नको!

पुण्यात बाणेर येथे सूस रस्त्यालगत असलेला ओल्या कचऱ्याचा प्रक्रिया प्रकल्प बंद करून अन्यत्र हलवावा, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द ठरविला. प्रकल्प वाचला, पण कचऱ्यापासून गॅस करण्याच्या योजना नेमक्या कोठे अडतात, हेही या वादाने दाखवून दिले.

मुळात बाणेरला गॅस तयार होतच नाही. तेथे ओला कचरा दळून त्याचा लगदा केला जातो. हा लगदा पुढे तळेगावला नेऊन बंद टाक्यांत कुजवला जातो आणि त्यातून वायू मिळतो. म्हणजे या साखळीतील सर्वाधिक दुर्गंधीचा टप्पा वस्तीजवळ, तर उत्पन्नाचा टप्पा दूर. रहिवाशांची तक्रार त्यामुळे अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र हा प्रकल्प बंद केल्यास शहराच्या पश्चिम भागातील कचरा संपूर्ण शहर ओलांडून हडपसरकडे न्यावा लागेल, हा मुद्दा न्यायालयाने महत्त्वाचा मानला. दाट वृक्षलागवडीसह 'नीरी'ने सुचविलेल्या उपाययोजना करण्याचे बंधनही घातले.

दुर्गंधी कोणाच्या दारात, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसला, त्याविरुद्ध वारंवार आंदोलने केली. हीच दुर्गंधी इमारतींच्या गच्चीपर्यंत पोहोचल्यावर तिचा विचार अधिक तातडीने झाला, असे त्या गावांतील लोकांना वाटल्यास नवल नाही.

तंत्रज्ञान अपुरे आहे, असे कारण आता पुढे करता येत नाही. पुण्यातील 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी उष्टे-खरकटे व पिठूळ पदार्थ वापरणारे घरगुती संयंत्र विकसित केले. त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांच्या 'निसर्गऋण' पद्धतीत कचरा आधी गरम पाण्यासह पूर्वपाचक टाकीत सोडला जातो आणि नंतर हवाबंद टाकीत मिथेन तयार होतो.

अडचण आहे ती टाकीला मिळणाऱ्या खाद्याची. आम्ल तयार करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेन तयार करणारे सावकाश. एका दिवशी लग्नसराईचे अन्न भरमसाट आले आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही, असे झाले की टाकी आंबट होते व गॅस थांबतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या, चमचे, नारळाच्या करवंट्या आल्या की दळणयंत्र बंद पडते. पुणे महापालिकेने ठिकठिकाणी उभारलेल्या पाच टन क्षमतेच्या अनेक प्रकल्पांना पूर्ण क्षमता गाठता आली नाही. उद्घाटनाची फीत कापणे सोपे. रोज पाच टन निवडलेला ओला कचरा आणणे कठीण.

इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करून सुमारे १७ टन जैव-सीएनजी तयार करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. तेथे आधी घराघरांतून कचरा वेगळा घेण्याची शिस्त लावण्यात आली, प्रकल्प त्यानंतर आला. आपल्याकडे बहुधा हा क्रम उलटा असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांवर व हॉटेलांवर आपला ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरविण्याची जबाबदारी टाकली. तरी अनेक सोसायट्यांत ही यंत्रे वीजबिलाच्या आणि वासाच्या कारणावरून झाकून ठेवलेली आढळतात.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'सतत' योजनेतून २०२३ पर्यंत पाच हजार प्रकल्पांचे उद्दिष्ट ठेवले होते. ते साध्य झाले नाही. आता शहरांतील गॅसपुरवठ्यात जैव-गॅस मिसळण्याची सक्ती आहे. २०२५-२६ साठी हे प्रमाण एक टक्का ठरले, २०२८-२९ पासून ते पाच टक्के होणार आहे. गॅसला गिऱ्हाईक मिळाले आहे. त्यासाठी लागणारे भूखंड मात्र महापालिकांनाच शोधायचे आहेत, आणि त्या प्रत्येक भूखंडाशेजारी कोणी ना कोणी राहत असणार आहे.