कच्चे लिंबू आणि वाटीभर सावली

धाकट्यांना फसवणे हा थोरल्या भावंडांचा जन्मसिद्ध हक्क आहे, असे आपल्याकडे सर्वमान्य आहे. सातारा असो की सांगली, चिंचोका गिळल्यावर 'आता तुझ्या कानातून झाड उगवणार' ही भीती ज्याला लहानपणी कोणी घातली नाही, असा माणूस मला तरी भेटलेला नाही. हा हक्क काढून घ्यावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण 'निरुपद्रवी गंमत' हे शब्द अलीकडे इतक्या सढळ हाताने वापरले जातात की, गंमत कोणाची आणि उपद्रव कोणाला, हे एकदा तपासून पाहावेसे वाटते.

मोरपिसाचेच घ्या. पुस्तकात पीस ठेवायचे, त्याला खडूची पूड खायला घालायची आणि पान उघडून पाहायचे नाही, म्हणजे पिसाला पिल्लू होते. धाकटा आठवडाभर त्या पुस्तकाला हात लावत नाही. (अभ्यास न करण्याचे इतके पवित्र कारण पुढे कॉलेजातही सापडत नाही!) मग एखाद्या रात्री थोरली बहीण आपल्याजवळच्या पिसाची एक काडी तोडून गुपचूप त्या पानात सरकवते. सकाळी पिल्लू झालेले असते. पदरमोड करून केलेली फसवणूक ही!

सांगलीला आजोळी गेलो की माझा मामेभाऊ मला शेजारच्या काकूंकडे पिटाळी. निरोप असा, 'आईने वाटीभर सावली मागितली आहे.' मी वाटी घेऊन निघे. काकू हसत नसत. वाटी आत नेत, वर झाकणी ठेवून आणून देत आणि बजावत, "नीट धर बाळा, सांडू नगंस." दोन्ही हातांनी वाटी सांभाळत घरी यावे, झाकणी उचलावी, तर आत बेसनाचा लाडू! तिसऱ्या खेपेला मला सारे कळून चुकले होते. तरीही मी गेलो. मामेभावाने मात्र त्यानंतर हा डाव बंद केला.

आणि कच्चे लिंबू! लगोरी असो, लपंडाव असो, मोठ्यांच्या खेळात शिरलेले चार-पाच वर्षांचे पोर पळते, ओरडते, पकडले जाते, पण त्याच्यावर राज्य कधी येत नाही. सारे मैदान संगनमताने त्याला फसवत असते आणि 'तू खेळात नाहीस' हे त्याला कोणीही सांगत नाही. इतकी सभ्य फसवणूक मोठ्या माणसांच्या एकाही संस्थेत मी पाहिलेली नाही. पुढे एक दिवस ते पोरच फुरंगटून म्हणते, "माझ्यावर पण राज्य द्या." त्या दिवशी लिंबू पिकले.

याउलट 'तुला बोहारणीकडून जुन्या लुगड्यावर घेतलंय' ही थट्टा. घरोघर ती हसत हसत केली जाते. ते पोर मात्र आरशापुढे उभे राहून आपले नाक आईच्या नाकाशी जुळते का ते पाहत असते. मला ही गंमत निरुपद्रवी वाटत नाही. जिल्ह्याला असे म्हणावे, त्याचे काही बिघडत नाही. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे काही तालुके आणि भोवतालची संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले. त्यामुळे 'तुमचा जिल्हा आम्हीच तुम्हाला दिलाय' असे मी मामेभावाला खुशाल चिडवी. पण पोराला घरातले आपले स्थान हेच सारे जग असते.

दुसरा धोका फसवणाऱ्यालाच असतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी कथा सांगतात. थापांना विटलेल्या पोरांना समाधी दाखवली तरी ती म्हणतात, "चल, काहीतरीच!" इथे फार तर एक गोष्ट वाया जाते. सांगलीकडे कृष्णेत मात्र खरोखरच्या मगरी आहेत. वाहत्या ओंडक्याकडे बोट दाखवून जो रोज 'मगर! मगर!' ओरडतो, त्याच्या हाकेवर खरी मगर आल्या दिवशी पाण्याबाहेर कोण येणार?

हे सारे कॉलेजच्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला, तरी 'आम्ही फक्त गंमत केली' हे उत्तर अजून तेच आहे. प्रथम वर्षाच्या मुलाला नसलेल्या खोलीत तासाला पाठवणे, ही तशी जुनी गंमत. पूर्वी निदान पाठवणाराच जिन्यात गाठून त्याला चहाला नेई. आता त्याच्या मागोमाग मोबाइल जातो, आणि त्याची फजिती संध्याकाळपर्यंत अशा शेकडो लोकांनी पाहिलेली असते, ज्यांना त्याचे नावही ठाऊक नाही. त्यांतले कोणी त्याला चहा पाजायला येत नाही.

जूनमध्ये नवी मुले येतील. पाठवायचेच असेल तर त्यांना खुशाल पाठवा. मात्र वाटेत कोणी काकू आहेत ना, हे आधी पाहून ठेवा. आणि ते चित्रीकरण तेवढे नको.