झुंजार, विजया आणि आम्ही

आम्हा कोल्हारच्या पाचसहाजणींची पुस्तकभिशी आहे. परवाची पाळी सासूबाईंची. त्यांनी काढला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार! मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी. मनात म्हटलं, यावर काय बोलायचं?

पण मतं काय एकेक! एक म्हणाली, चार पुस्तकं वाचली की पाचव्याचा शेवट आधीच कळतो. खरंय ते. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या बाबूरावांनी (१९०६–१९९६), साचा यायचाच. दुसरीला आवडली झुंजारची बायको विजया, नवऱ्याच्या साहसात सोबत असते म्हणून. "आमचे हे मला नगरलासुद्धा एकटीला जाऊ देत नाहीत," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

सासूबाई चौथी शिकलेल्या. नवी नवरी असताना ही पुस्तकं ज्वारीच्या कणगीमागे लपवून वाचायच्या. "वाचायची सवय सुटली नाही, ती या झुंजारामुळं," त्या म्हणाल्या.

सोमवारी मी एका विद्यार्थिनीला तिची रहस्यकथा परत केली. गणिताच्या वहीखाली सापडली, म्हणून मीच काढून घेतली होती. परत देण्याआधी, खरं सांगते, शेवटची दहा पानं वाचून घेतली.