नीरोच्या पंगतीतले पाहुणे

माहितीपट म्हणजे मुख्य चित्रपटापूर्वी सोसावयाचा सरकारी उपदेश, हा समज आता सोडावयास हवा. २००६ साली पंतप्रधानांच्या मदत योजनेत विदर्भातील जे सहा जिल्हे आले, त्यांत वाशिमही होता. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर पुढे दोन उल्लेखनीय माहितीपट निघाले. नंदन सक्सेना व कविता बहल यांच्या 'कॉटन फॉर माय श्राउड'ला २०११चा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. दीपा भाटिया यांच्या 'नीरोज गेस्ट्स'मध्ये (२००९) पत्रकार पी. साईनाथ विचारतात: रोमन सम्राट नीरोने जिवंत माणसे जाळून मेजवानीला उजेड केला, त्या उजेडात जेवणारे पाहुणे कोण होते?

या माहितीपटांचे सारेच निष्कर्ष पटावेत असे नाही. बीटी बियाण्याविषयी तज्ज्ञांतही मतभेद आहेत. परंतु दोष बियाण्याचा, सावकाराचा, बाजारभावाचा की कोरडवाहू शेतीचा, हा वाद मुंबई-दिल्लीच्या सभागृहांपुरता राहू नये. रिसोड-मानोऱ्यातील वाचनालयांनी, गणेशोत्सव मंडळांनी एक संध्याकाळ पडदा लावावा. इंग्रजी संवादांचा अर्थ शिक्षकांनी मराठीत सांगावा आणि पुढचा तास शेतकऱ्यांना बोलू द्यावे.

शेजाऱ्याचे दुःख पाहण्याचेही जो समाज टाळतो, तो नकळत नीरोच्या पंगतीला बसलेला असतो.