अंथरूण, पाय आणि गिअरचा दांडा

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण मराठीच्या तासाला शिकवतो. उर्दूच्या तासाला तिथे चादर येते, पाय तेच राहतात. खर्चाच्या बाबतीत दोन्ही भाषांचे म्हणणे मान्य. पण हाच न्याय मोटारसायकलला लावणारे मिस्त्री आणि शोरूमवाले भेटले की भांडावेसे वाटते. अकरा नंबरचा बूट घालणारा म्हणाला, “भाऊ, पाय गिअरखाली जात नाही,” की उत्तर ठरलेले: “कंपनी सेटिंग आहे सर, सवय होईल.”

सवय होते, पण कसली? बूट घरी ठेवून चपलेवर गाडी चालवण्याची. गुडघा बाहेर काढून पाय तिरका ठेवण्याची. ब्रेकवर तळवा टेकवून बसण्याची. मग मागचा ड्रम तापतो, लाल दिवा कायम पेटलेला राहतो आणि तुम्ही खरोखर थांबताय हे मागच्याला कळतच नाही.

‘कंपनी सेटिंग’ म्हटले की लोक गप्प होतात. अहो, फिरवायची सोय कंपनीनेच दिली आहे! गिअरचा दांडा ज्या शाफ्टवर बसतो त्याला बारीक दाते असतात. बऱ्याच गाड्यांत एकच बोल्ट काढायचा, दांडा ओढायचा, एक दाता वर बसवून पुन्हा आवळायचा. ज्या गाडीत मध्ये सळई असते तिथे दोन नट सैल करून सळई फिरवली की काम होते. त्यातला एक नट उलट्या आट्याचा असू शकतो, जोर लावू नका. पुढे-मागे दोन्हीकडे पाय देण्याचा दांडा असेल तर पुढचे टोक वर गेले की टाचेकडचे खाली येते, हे मात्र ध्यानात ठेवा. गाडी मोठ्या स्टँडवर लावून सगळे गिअर पडतात का पाहा.

ब्रेकचे पॅडल सरकवाल तर तिथेच थांबू नका. ड्रम ब्रेकला मोकळी चाल साधारण 20 ते 30 मिमी लागते, ती पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवा आणि दिवा वेळेवर पेटतो ना, बघा. मागे डिस्क असेल तर काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्या. चाल उरली नाही तर ब्रेक धरून बसतो.

दंडाची भीती घालणारेही असतात. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. दांडा एक दाता फिरवल्याने आरसी बुकातले एक अक्षरही बदलत नाही.

हा उपाय जाड बुटाला पुरतो. पाऊलच लांब असेल तर लांब दांडा शोधावा लागतो, आणि तिथे कंपन्यांना जाब विचारायला हवा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने भारतीय मापांसाठी लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. बुटाच्या धंद्याला पाय मोजावेसे वाटले. गाडीवाले मात्र हार घालतात, पेढा देतात, फोटो काढतात, आरसेसुद्धा फिरवून देतात. पायाकडे कुणी पाहत नाही. नवी गाडी घ्यायला जाताना रोजचा बूट घालून जा, त्यावर बसा, आणि दांडा जुळेपर्यंत चावी हातात घेऊ नका.