रमाबाईंचे मत आणि पंचायतीची खुर्ची
सासरच्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसून जिने पतीपाशी अक्षरे गिरवली, १९०१ साली वैधव्य आल्यावर जिने पुढे पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहिली, त्याच रमाबाई रानड्यांनी मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकार-चळवळीचे पुढारपण केले. आणि १९२१ साली कायदे कौन्सिलाने तो हक्क मंजूर केला, तरी तो सारा वा कर भरणाऱ्या मूठभर मालमत्ताधारी बायकांपुरताच होता. त्याच वर्षी अमेरिकेतील युटामध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या मॉर्मन पंथाच्या एमेलिन वेल्स निवर्तल्या. तेथील स्त्रियांना १८७० साली मिळालेले मत १८८७ साली सरकारने हिरावले व १८९६ साली ते परत मिळाले. दोघीही धर्मनिष्ठ, सुधारणेस नास्तिक्यच लागते असे मानणाऱ्या आमच्या विद्वानांनी याची नोंद घ्यावी.

आज महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. परंतु राहाता तालुक्यातील एखाद्या गावी सरपंचबाईंऐवजी त्यांचे यजमानच दफ्तर चाळू लागले, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्यांना अदबीने बाहेरचे बाकडे दाखवावे, आणि बाईंची सही घेण्यापूर्वी ठराव त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा.