घरातील किडींचा बंदोबस्त : विष की व्यवस्था?

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी हे कापसाच्या मुलखातील जुने गाव आहे, आणि अशा गावातील जुने घर हे केवळ माणसांचे वसतिस्थान नसते. वर्षाच्या धान्याचे कोठार, भाव येईपर्यंत राखून ठेवलेल्या कापसाची वखार, पऱ्हाटीच्या सरपणाची रास आणि टंचाईच्या दिवसांसाठी भरलेले रांजण ही सारी एकाच माळवदाच्या आश्रयाला असतात. आणि जेथे अन्न, पाणी व आडोसा यांची अशी मुबलक सोय असते, तेथे उंदीर, वाळवी, झुरळे, ढेकूण, डास आणि धान्यातील सोंडे यांनी बिनदिक्कत वहिवाट सुरू करावी हे स्वाभाविकच होय. अस्वाभाविक आहे ते हे की, या वहिवाटीचा बंदोबस्त करावयाचा म्हटला की अलीकडे दुकानातील विषाच्या बाटलीखेरीज दुसरा इलाजच आपणांस सुचेनासा झाला आहे. घरातील किडींचा प्रश्न हा मुळात मारण्याचा नसून अन्न, पाणी व आडोसा तोडण्याचा आहे, आणि विष हे त्या व्यवस्थेची जागा कधीही घेऊ शकत नाही, हे या लेखात आम्हांस प्रतिपादावयाचे आहे.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे न्यायाचे होईल. विषवादी म्हणतात की, कडुलिंबाचा पाला, एरंडेल, ऊन आणि राख हे उपाय विज्ञानपूर्व काळातील असून दुसरे काही नव्हते म्हणून ते चालले. फवारणीचा गुण घटकाभरात दिसतो, तर या उपायांस दिवसच्या दिवस लागतात. योग्य मात्रेत वापरलेले औषध माणसास निरुपद्रवी असते. आणि शेतीच्या कामातून ज्यांना उसंत नाही, त्यांच्या माथी हा जुना खटाटोप मारणे अन्यायाचे आहे. यांतील शेवटचा आक्षेप खरोखरच वजनदार आहे, म्हणून त्याचा परामर्श शेवटी स्वतंत्रपणे घेऊ.

तत्काळ गुणाच्या युक्तिवादास इतिहासाने फार मोठ्या प्रमाणावर उत्तर दिलेले आहे. डीडीटीचे कीटकनाशक सामर्थ्य पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली ओळखले, आणि त्याबद्दल त्यास १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा दरसाल सुमारे ७.५ कोटी लोक हिवतापाने अंथरूण धरीत. १९६५ च्या सुमारास ही संख्या लाखाच्या घरात उतरली. या औषधाने असंख्य जीव वाचविले, आणि हे ऋण नाकारणारा मनुष्य सत्याशी प्रतारणा करतो. परंतु त्याच कार्यक्रमाच्या दप्तरी १९७६ साली ६४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. अंमलबजावणीतील शैथिल्य हे त्याचे एक कारण होते, आणि दुसरे असे की विषातून वाचलेल्या डासांचीच संतती वाढत गेल्याने त्या विषास न जुमानणारी जात सिद्ध झाली.

डासांच्या बाबतीत जे घडले ते घराच्या चार भिंतींतही घडते. पर्ल हार्बर येथील आरमारी बराकींतील ढेकूण डीडीटीस दाद देत नाहीत, हे १९४७ मध्येच, म्हणजे त्या औषधाचा बोलबाला ऐन भरात असताना, दिसून आले होते. स्वयंपाकघरातील लहान तपकिरी झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी अंगाशी बाळगून फिरते, आणि त्या कुपीच्या कवचातून फवारा आत शिरत नाही. म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशी मेलेल्या झुरळांचा सडा पाहून समाधान पावलेल्या गृहस्थास महिन्याभरात नव्या पिढीचे दर्शन घडते. ज्या उपायाची पुनरावृत्ती अटळ आहे आणि प्रत्येक पुनरावृत्तीत ज्याचा प्रभाव घटत जातो, त्यास शीघ्र म्हणता येईल, परंतु परिणामकारक म्हणता येणार नाही.

आता योग्य मात्रेचा प्रश्न. मात्रा पाळली जाते ती मोजमाप, लेबल आणि देखरेख जेथे असेल तेथे. कापसाच्या मुलखात शेतावरून उरलेले औषध घरी येते, फडताळात ठेवले जाते, आणि उन्हाळ्यात ढेकणांनी जीव नकोसा केला की तेच बाजेच्या सांध्यांत ओतले जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेही उघड्या शिवारात, वाहत्या वाऱ्यात. मग तीच द्रव्ये बंद खोलीत, निजलेल्या मुलांच्या उशाशी वापरणे किती धोक्याचे आहे, याचा निवाडा वाचकांनीच करावा. २०१३ च्या जुलैत बिहारमधील छपरा भागातील गंडामन गावी शाळेतील जेवणात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक मिसळले गेल्यामुळे तेवीस बालके मृत्युमुखी पडली. धान्यात घालावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू शेजारच्या खोलीत झिरपूनही प्राण घेतो, म्हणूनच या गोळ्या हाताळण्याची मुभा कायद्याने केवळ अधिकृत व प्रशिक्षित माणसांना आहे. देशात १९६८ चा कीटकनाशक अधिनियम अस्तित्वात आहे. परंतु त्याचा अंमल आपल्या फडताळापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाही अंमलदाराची नसून आपली स्वतःची आहे.

येथवर विषवाद्यांचा समाचार घेतला; परंतु जुने ते सारे निर्दोष आणि नैसर्गिक ते सारे निरुपद्रवी, असे मानणारांचे मतही आम्ही तितक्याच स्पष्टपणे अमान्य करतो. धान्यात पाऱ्याच्या टिकड्या ठेवण्याची चाल जुनी आहे, परंतु पारा हे विषच आहे. तंबाखूचा काढा वनस्पतिजन्य असला तरी त्यातील निकोटीन जालीम आहे. बाह्योपचारास उत्तम असलेले कडुलिंबाचे तेल तान्ह्या मुलांच्या पोटात गेल्याने त्यांना गंभीर बाधा झाल्याची नोंद वैद्यकात आहे. आणि डास हटविण्यासाठी कोंदट खोलीत केलेला कोणत्याही पाल्याचा धूर अखेर फुप्फुसातच जातो. उपाय जुना की नवा ही कसोटीच नव्हे. तो कोणत्या कारणाने लागू पडतो आणि कोणास अपाय करतो, ही कसोटी होय.

या कसोटीवर परंपरेतील कित्येक उपाय बावनकशी ठरतात, आणि त्यांस विज्ञानपूर्व म्हणणे हे विज्ञानाविषयीचेच अज्ञान आहे. कडुलिंबातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीची भूक मारते व तिच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते. त्याच कडुलिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर अमेरिकेचे कृषी खाते व एक कंपनी यांनी मिळविलेले युरोपीय पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यांचे अपीलही फेटाळले गेले, कारण हे ज्ञान भारतात आधीपासूनच वापरात होते असे निष्पन्न झाले. तूरडाळीस एरंडेल चोळण्याची आपल्या गृहिणींची रीत घ्या. किलोमागे पाच ते दहा मिलिलिटर तेलाचा पातळ लेप दाण्यावर बसला की भुंग्याचे अंडे नीट चिकटत नाही, आणि चिकटले तरी गुदमरते. मराठवाड्यातील ज्वारीचे पेव तर बंद साठवणीचा उत्कृष्ट नमुना होते. तोंड लिंपून घेतले की दाणे व किडी यांच्या श्वसनाने आतील प्राणवायू सरतो, कर्बवायू वाढतो आणि कीड आपोआप मरते. उघडलेल्या पेवात लगोलग उतरू नये, हा वडीलधाऱ्यांचा दंडकही याच कारणाचा, आणि तो न पाळणारांनी प्राण गमावले आहेत. आज पेवाऐवजी घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी वापरावी. परंतु गहू-मका वैशाखाच्या उन्हात पातळ थराने कडकडीत वाळवून, थंड करून मगच भरावा, कारण दाण्यातील ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आला की सोंड्यांची वाढ खुंटते. ओल्या धान्यात कडुलिंबाचा कितीही पाला घातला तरी तो व्यर्थ जातो.

उंदरांविषयी तर व्यवस्थेचे महत्त्व महाराष्ट्राने अपार दुःख भोगून ओळखले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तो मांडवीच्या धान्याच्या वखारींच्या परिसरात, आणि जीव मुठीत धरून गावी पळालेल्या गिरणी कामगारांबरोबर तो कोकणात व देशावर पसरला. उंदरावरील पिसू हीच प्लेगाची वाहक आहे, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. १९९४ च्या ऑगस्टात याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मामला गावी, गाठींच्या प्लेगाच्या संशयाने सरकारदरबारी धावपळ उडाली होती. यातून घ्यावयाचा बोध असा की, रोगाच्या सावटात पिसवांचा बंदोबस्त न करता उंदीर विषाने मारले तर मेलेल्या उंदराला सोडून पिसवा माणसाकडे वळतात. एरवीचा खरा इलाज घराच्या भिंतीशी आहे. पऱ्हाटीची रास भिंतीला टेकून न रचता अंतरावर, दगडांच्या उंचवट्यावर रचावी. कापूस निजण्याच्या खोलीत साठवू नये. धान्य पोत्यांऐवजी कोठीत ठेवावे. अर्ध्या इंचाचे भोकही खडी व सिमेंटाने बुजवावे. आणि त्याउपर येईल त्या उंदरास पिंजरा लावावा. मांजर, गव्हाणी घुबड व पाल हे या कामातील बिनपगारी चाकर आहेत. घुबड अपशकुनी आणि पाल विषारी या दोन्ही समजुती निराधार असून त्यांपायी आपण आपलेच रक्षक मारतो.

पाण्याच्या टंचाईने डासांचा प्रश्न आपल्याकडे विशेष बिकट केला आहे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घाण गटारात नव्हे, तर आपण जपून साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास होण्यास त्यास सात ते दहा दिवस पुरतात. आणि पाण्याच्या कडेशी चिकटलेली त्याची अंडी कोरड्या भांड्यात महिनोन्महिने तग धरतात. म्हणून आरोग्य खाते सांगते तो आठवड्याचा कोरडा दिवस शब्दशः पाळावा, आणि रांजण नुसता उपसून न थांबता आतून काथ्याने घासावा. जो हौद रिकामा करणे परवडत नाही, त्यावर घट्ट झाकण घालावे किंवा त्यात गप्पी मासे सोडावे. मात्र ते नदी-ओढ्यात सोडू नयेत, कारण तेथील देशी माशांस ते बाधक ठरतात.

ढेकणांस उष्णता सोसत नाही. अंथरुणे कढत पाण्यातून काढावी, बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे, भिंतीच्या भेगा चुन्याने भराव्या. झुरळांसाठी कणीक, साखर व बोरिक पावडर यांच्या गोळ्या मुलांचा व गुराढोरांचा हात-तोंड न पोहोचेल अशा सांदीत ठेवाव्या. वाळवीसाठी लाकडाचा मातीशी संबंध तोडावा, माळवदाचे गळके पन्हळ दुरुस्त करावे, भिंतीवर चढणाऱ्या मातीच्या नळ्या दिसताच मोडाव्या. मुख्य तुळईच पोखरली गेली असेल, तर परवानाधारक जाणकाराकडून मोजून-मापून औषध घालून घेण्यास आमची हरकत नाही. विषास आम्ही अखेरच्या इलाजाचे स्थान देतो, प्रथमोपचाराचे नव्हे.

राहिला श्रमाचा आक्षेप. वाळवणे, पाखडणे, घासणे, लिंपणे ही कामे आजवर एकट्या बायकांच्या माथी पडली, हे सत्य आहे. आणि परंपरेचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी ते सोयीस्करपणे विसरू नये. परंतु यावरून काढावयाचा निष्कर्ष व्यवस्था सोडण्याचा नसून श्रम वाटून घेण्याचा आहे. पऱ्हाटी हलविणे, भोके बुजविणे, हौद घासणे, पन्हळ दुरुस्त करणे यांत पुरुषाने करू नये असे एकही काम नाही. शिवाय एका घराने बिळे बुजविली आणि शेजारच्या पडक्या वाड्यात उकिरडा साचत राहिला, तर तो श्रम वाया जातो. म्हणून अर्धे काम गावाचे आहे, आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने स्वच्छता व आरोग्य यांचा भार पंचायतीवर टाकलेलाच आहे.

तेव्हा देवगाव रंगारीच्या व तत्सम प्रत्येक गावाच्या ग्रामस्थांना आमची विनंती आहे की, मृगापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, साऱ्या गावाचा एक कोरडा वार ठरवावा, उकिरडे व गटारे यांचा तपशील लिहून घेऊन कामाची तजवीज करावी, आणि फडताळातील शेतीची औषधे त्याच दिवशी घराबाहेर, कुलुपात ठेवावी. किडीचे अन्न, पाणी व आडोसा तोडणारे घर सुरक्षित राहते. नुसते विष फवारणाऱ्या घरात कीड परत येते आणि विष मागे उरते.